रिफिलनंतर फोटोवर परत परत चढणारी झाक: शोधायची कुठे, घालवायची कशी

तक्रार साधारण अशी असते. इंकजेट प्रिंटरचं काट्रिज भरलं, नोझल चेक (शाईची भोकं उघडी आहेत का हे दाखवणारं बारीक रेघांचं चाचणी पान) स्वच्छ आलं, पहिले काही फोटो छान निघाले. मग नवरीच्या चेहऱ्यावर गुलाबी झाक चढायला लागली, नवऱ्याच्या पांढऱ्या झब्ब्याच्या घड्याही तशाच दिसायला लागल्या. ड्रायव्हरमध्ये (संगणकातल्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये) जाऊन मॅजेंटा, म्हणजे गडद गुलाबी शाई, दोन घर खाली ओढला, जुळलं. पुढच्या रिफिलला येरे माझ्या मागल्या, आणि या वेळी झाक उलट बाजूची. आता मॅजेंटा वर. सहा महिन्यांनी ड्रायव्हरमधले सगळे स्लायडर वाकडेतिकडे झालेले असतात आणि मूळ सेटिंग काय होतं ते कोणालाच आठवत नाही.

ही झाक पुन्हा पुन्हा येते याचं मोठं कारण ते स्लायडरच आहेत. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा तो प्रकार. शाई कमी पोचत असेल, शाईत शाई मिसळली असेल किंवा बाटली बदलली असेल, तर ती गोष्ट स्लायडरने दुरुस्त होत नाही, फक्त झाकली जाते. आणि मूळ बिघाड उद्या थोडा हलला की झाकण उघडं पडतं. म्हणून पहिलं काम म्हणजे ड्रायव्हरमधले सगळे रंग शून्यावर आणायचे. फोटो वाईट येतील, येऊ देत. शोधाशोध संपेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही.

आधी एक चाचणी पान बनवा

नोझल चेकवर फार भरवसा ठेवू नका. त्या बारीक रेघांना शाई लागते किती? थेंबभर. अर्धं तुंबलेलं किंवा शाईसाठी तहानलेलं काट्रिजही त्या रेघा बिनचूक मारून दाखवतं. नोझल चेकमध्ये रेघ तुटलेली असेल तर दोष नक्की आहे. पण रेघ अखंड असली म्हणजे सगळं ठीक, असं मात्र नाही.

त्यापेक्षा स्वतःचं एक पान बनवा आणि कायम तेच वापरा. त्यात करड्या रंगाची पायऱ्यांची पट्टी हवी: ० पासून २५५ पर्यंत अकरा पायऱ्या, प्रत्येक पायरीत लाल, हिरवा, निळा या तिघांचे आकडे एकसारखे. तिच्या खाली सायन (आकाशी निळा), मॅजेंटा, यलो (पिवळा) यांच्या पानाच्या रुंदीइतक्या, बोटभर जाडीच्या भरीव पट्ट्या. आणि एक चेहरा. चेहरा आपल्याकडच्या लग्नातलाच घ्या, ज्यात हळदीचा पिवळा, चुड्याचा हिरवा आणि गव्हाळ कातडी एकाच चौकटीत आहेत. परदेशी चाचणी चित्रांतल्या गोऱ्या गालांवर जे खपून जातं ते गव्हाळ रंगावर लगेच उठून दिसतं.

या पानाचा पहिला प्रिंट सगळं सुरळीत असताना काढून, वाळवून, पाकिटात घालून अंधारात ठेवा. तोच तुमचा मापदंड. भिंतीवर लावू नका. डाय शाई (पाण्यात विरघळलेल्या रंगाची) उजेडात आणि हवेत उडते, आणि वर्षभराने तुम्ही उडालेल्या रंगाशी ताजा प्रिंट जुळवत बसाल.

आता करडी पट्टी वाचायची. करडा हिरवट दिसतो तेव्हा मॅजेंटा कमी पडतोय. लालसर दिसतो तेव्हा सायन कमी. निळसर-जांभळा दिसतो तेव्हा यलो कमी. पण झाक कोणती यापेक्षा ती पट्टीच्या कोणत्या भागात आहे, हे जास्त महत्त्वाचं. सगळ्या पायऱ्यांवर सारखी आहे, फक्त फिकट पायऱ्यांवर आहे, फक्त गडद पायऱ्यांवर आहे, की पानाच्या वरच्या भागात नाही आणि खाली आहे? या चार उत्तरांना चार वेगळी कारणं आहेत.

पान उतरत जाताना रंग उतरत गेला तर

ही हवा कोंडल्याची खूण. भरीव पट्ट्या ए-फोरवर वरून खाली उभ्या छापून पाहा. मॅजेंटा वरती भरगच्च आणि तळाशी फिका, म्हणजे हेड (कागदावर शाई उडवणारा भाग) जितकी शाई ओढतंय तितकी मागून येत नाही. पहिला फोटो छान आणि तिसरा हिरवा, ही तक्रार याच घरातली.

तीन रंगांच्या काट्रिजमध्ये (कॅननचं सीएल-७४६, एचपीचं ८०३ रंगीत, असली सगळी) याचं नेहमीचं कारण झाकणावर असतं. वरचं लेबल सोललं की भरायची भोकं दिसतात आणि त्यांच्यापासून निघालेल्या केसाएवढ्या नागमोडी खाचा दिसतात. त्या खाचा शोभेसाठी नाहीत. शाई खाली जाते तितकी हवा त्यांतून आत यावी, पण शाई वाळू नये, म्हणून त्या लांब आणि वळणावळणाच्या केलेल्या आहेत. रिफिल झाल्यावर वरून सेलोटेप घट्ट दाबून बसवली की हवेची वाट बंद. काट्रिजच्या आत खेच तयार होते आणि शाई खाली यायची थांबते. टेप काढून तेच जुनं लेबल परत हलकेच चिकटवा. लेबल फाटलं असेल तर टेप लावा, पण भोकाच्या जागी सुईने बारीक टोचा. अगदीच उघडं ठेवणंही बरोबर नाही: विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात तसं काट्रिज बघता बघता सुकतं.

टँकच्या प्रिंटरमध्ये, म्हणजे ज्यात शाई टाकीतून नळ्यांनी हेडकडे जाते त्यात, हेच लक्षण दिसलं तर नळ्या बघा. नळीत हवेचे लांब तुकडे दिसत असतील तर हवा शिरली आहे. काही मॉडेलना वाहतुकीसाठी शाई बंद करायचा खटका असतो; दुकान हलवल्यावर किंवा प्रिंटर दुरुस्तीहून आल्यावर तो बंदच राहून गेलेला असतो. इतक्या साध्या गोष्टीसाठी लोक हेड बदलायला निघतात.

कॅनन आणि एचपीच्या काट्रिजबाबत इथे घाई करा. ही थर्मल हेड आहेत; आतला बारीक हीटर शाईला क्षणात तापवून बुडबुडा करतो आणि तो थेंब बाहेर ढकलतो. हीटर थंड ठेवायचं कामही शाईच करते. शाई नसताना छापत राहिलात तर नोझल जळतात, आणि जळलेलं नोझल कोणत्याही द्रावणाने परत येत नाही. कॅननमध्ये ई-१३ किंवा ई-१६ हे शाई संपल्याचे इशारे दिसल्यावर स्टॉपचं बटण पाच सेकंद दाबून आपण पुढे जातो, तेव्हा शाईची पातळी मोजणं प्रिंटर सोडून देतो. त्यानंतर हिशेब तुमचा. सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा घ्या, भरलेल्या काट्रिजचं वजन लिहून ठेवा, अधूनमधून तोला. तीनपैकी कोणता रंग संपला हे काटा सांगत नाही, पण कधी थांबायचं याचा अंदाज येतो. एपसनचं पिझो हेड शाई तापवत नाही, त्यामुळे त्याला हा धोका नाही; तिथली भीती हवा शिरण्याची आणि शाई वाळण्याची.

सगळ्या पायऱ्यांवर झाक: शाईत शाई मिसळली

काट्रिज बाहेर काढा. टिश्यू पेपरची चौपदरी घडी डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओलसर करा आणि काट्रिजचं नोझलचं तोंड तिच्यावर सरळ टेकवून दोन सेकंद दाबा. उचलल्यावर टिश्यूवर तीन रंगांचे तीन पट्टे उमटलेले दिसतील. पिवळ्या पट्ट्याकडे नीट पाहा. पिवळा हा सगळ्यात दुबळा रंग. शेजारच्या शाईचा थेंब आत गेला तरी तो लगेच बाटतो. पट्टा लिंबासारखा स्वच्छ असला तर ठीक. कडेला हिरवट असेल तर सायन शिरलीय, केशरी असेल तर मॅजेंटा. लागोपाठ चार-पाच वेळा जागा बदलून दाबा. पहिले एक-दोन ठसे मळलेले आणि नंतरचे स्वच्छ आले तर घाण फक्त तोंडाशी होती, काम झालं. पाचवा ठसाही हिरवाच आला तर आतला स्पंजच बाटलाय.

स्पंज बाटतो तो जास्त भरल्याने. सिरिंजमध्ये पाच मिली आहे म्हणून पाचही मिली ढोसायची नाही. मानक आकाराच्या तिरंगी काट्रिजच्या एका कप्प्यात दोन-अडीच मिलीच्या वर भरूच नका, आणि तीही थेंबाथेंबाने. सुई स्पंजच्या मध्यापर्यंत, तळापर्यंत नाही. तळाशी बारीक जाळी असते, ती फाटली की कचरा थेट नोझलमध्ये. भोकाशी शाई चमकताना दिसली की थांबा आणि थोडीशी परत ओढून घ्या. वर आलेली शाई झाकणाखालून पसरून शेजारच्या कप्प्यात उतरते, बाहेरून काही दिसतही नाही. प्रत्येक रंगाची सिरिंज वेगळी हवी हे सांगायला नको, तरी सांगतो, कारण दहा रुपये वाचवायला एकच सिरिंज धुऊन वापरणारे अजून भेटतात.

भोकांचा क्रम प्रत्येक मॉडेलचा वेगळा. व्हिडिओत पाहिलेल्या क्रमावर जाऊ नका, भोकात लाकडी टूथपिक घालून रंग पाहा.

या तिरंगी काट्रिजची आणखी एक गोष्ट माहीत असली की फक्त गडद पायऱ्यांवरच्या झाकेसकट बरीच कोडी सुटतात. शेजारच्या काळ्या काट्रिजमधली शाई (पीजी-७४५ मध्ये) पिगमेंट, म्हणजे न विरघळणाऱ्या बारीक कणांची असते, ती चकचकीत फोटो पेपरवर बसत नाही. म्हणून कागदाचा प्रकार ग्लॉसी निवडला की प्रिंटर काळं काट्रिज बाजूला ठेवतो आणि फोटोतला काळाही सायन, मॅजेंटा, यलो मिसळूनच बनवतो. म्हणजे फोटोतले केस, सावली, काळा कोट, सगळं तीन रंगांच्या तोलावर उभं. त्यातला एक जरा कमी झाला की काळा कोट हिरवा. तेव्हा गडद भागातल्या झाकेसाठी काळं काट्रिज भरत बसून उपयोग नाही. आणि काळी पिगमेंट शाई रंगीत काट्रिजमध्ये चुकूनही घालू नका. डाय आणि पिगमेंट एकत्र आले की साका धरतो आणि हेड गेलं.

फक्त फिकट पायऱ्यांवर झाक: लाइट शाया तपासा

पासपोर्ट फोटो आणि अल्बमवाल्यांकडे जास्त करून सहा शायांचे प्रिंटर असतात: एपसनचा एल-८०५, एल-१८०० वगैरे. यांत सायन आणि मॅजेंटाबरोबर लाइट सायन आणि लाइट मॅजेंटा असतात. चेहरा, आकाश, पांढऱ्या कपड्याच्या घड्या हे सगळं बहुतांश या दोन फिकट शायांतून छापलं जातं. गडद भागाकडे जावं तशी मुख्य सायन, मॅजेंटा आणि काळी पुढे येतात. म्हणूनच फोटो छापणाऱ्याच्या टँकमध्ये लाइट सायन आणि लाइट मॅजेंटा सगळ्यांआधी तळाला जातात.

नेमकी गडबड इथेच होते. बाकीच्या चार टाक्या अर्ध्या भरलेल्या असतात, या दोन संपतात. लग्नसराई, संध्याकाळची वेळ, अल्बम उद्या द्यायचा. दुकानदार म्हणतो, त्या कंपनीची नाही, ही घ्या, सेम टू सेम. बाटलीवर नाव तेच, लाइट मॅजेंटा. पण आतला रंग आणि त्याची तीव्रता त्या कंपनीची. आता तुमच्या यंत्रात गडद भाग एका कंपनीचा आणि चेहरा दुसऱ्या कंपनीचा. करड्या पट्टीच्या फिकट अर्ध्या भागावर झाक आणि गडद भागात काही नाही, असं दिसलं की दुसरीकडे शोधायची गरज नाही. वर नवी शाई टाकीतल्या जुन्या शाईत मिसळत जाते, त्यामुळे झाक रोज थोडी थोडी सरकते आणि आज जुळवलेलं सेटिंग परवा चुकतं.

यावर उपाय कंटाळवाणा आहे: सहाही बाटल्या एकाच कंपनीच्या, आणि लाइट सायन, लाइट मॅजेंटाची एक-एक बाटली नेहमी जास्तीची कपाटात. कंपनीची अस्सल शाई असो की बाहेरची, माझा आग्रह एकसारखेपणाचा. बाहेरच्या शाईवरही चांगले फोटो निघतात, पण तिच्यासाठी वेगळं प्रोफाइल (कोणत्या शाई-कागदावर कोणता रंग कसा उमटतो हे संगणकाला सांगणारी फाइल) लागतं, त्याबद्दल पुढे. मॅजेंटात पाणी घालून लाइट मॅजेंटा बनवायचा सल्ला कोणी दिला तर त्याच्याकडे प्रिंटर दुरुस्तीला देऊ नका.

कंपनी बदलायचीच असेल तर टाकी रिकामी होत आल्यावर सहाही रंग एकदम बदला. नळ्यांतली जुनी शाई काढायला एपसनच्या टँक प्रिंटरमध्ये पॉवर इंक फ्लशिंग असतं, पण ते शाई भरपूर पितं आणि सगळी शाई वेस्ट पॅडमध्ये (वाया गेलेली शाई शोषणाऱ्या गादीत) जाते. ऊठसूट वापरायची गोष्ट नाही ती. हेड क्लीनिंगचंही तसंच: दोन-तीनदा करून फरक पडला नाही तर चौथ्यांदा करू नका, प्रिंटर बंद करून रात्रभर ठेवा. बरेचदा हवेचे बुडबुडे आपोआप वर येतात आणि सकाळी नोझल चेक पूर्ण येतं.

शाई ठीक आहे, तरी झाक आहेच

आता संगणकाकडे वळा. कायम एकाच बाजूची, कधीही न बदलणारी झाक, विशेषतः गडद गुलाबी, ही बहुतेक वेळा दुहेरी दुरुस्तीची असते. फोटोशॉप प्रोफाइल लावून रंग बदलतो आणि तो बदललेला रंग ड्रायव्हर पुन्हा आपल्या हिशेबाने बदलतो. प्रिंटच्या खिडकीत ‘फोटोशॉप मॅनेजेस कलर्स’ निवडलं असेल तर विंडोजमध्ये ड्रायव्हरची दुरुस्ती हाताने बंद करावी लागते. एपसनमध्ये कलर करेक्शन कस्टम करून आत ‘नो कलर ॲडजस्टमेंट’. कॅननमध्ये कलर इंटेन्सिटी मॅन्युअल करून मॅचिंगमध्ये ‘नन’. उलट ‘प्रिंटर मॅनेजेस कलर्स’ ठेवलं असेल तर ड्रायव्हरला त्याचं काम करू द्या. दोघांपैकी एकच. आणि फोटो एन्हान्स नावाचा जो आपोआप सुधारणारा पर्याय असतो, तो बंदच. तो प्रत्येक फोटो वेगळा बदलतो, मग एकाच अल्बममधल्या दोन पानांवर एकच शालू दोन रंगांचा येतो.

प्रोफाइलचा विषय थोडक्यात. प्रिंटरबरोबर आलेलं आयसीसी प्रोफाइल त्या कंपनीची शाई आणि त्या कंपनीचा कागद धरून मोजलेलं असतं. तुम्ही बाहेरची शाई आणि बाजारातला २७० जीएसएमचा (एका चौरस मीटरला २७० ग्रॅम वजनाचा) कागद वापरता, तेव्हा ते प्रोफाइल दुसऱ्याच जोडीचं वर्णन करत असतं. खरा उपाय म्हणजे आपल्या शाई-कागदाच्या जोडीचं प्रोफाइल स्पेक्ट्रोफोटोमीटरने, म्हणजे छापलेला रंग मोजणाऱ्या यंत्राने, बनवून घेणं. यंत्र महाग आहे, एकट्या स्टुडिओला परवडत नाही. चार-पाच स्टुडिओंनी मिळून घेतलं तर परवडतं. प्रोफाइल बनवायचं सॉफ्टवेअर आर्गिल सीएमएस फुकट आहे. मोजायच्या रंगीत चौकटी छापताना सगळी रंगदुरुस्ती बंद हवी. फोटोशॉपने सीएस-५ पासून तो पर्याय काढून टाकला, म्हणून ॲडोबीचं कलर प्रिंटर युटिलिटी वापरतात. आणि छापल्या छापल्या मोजू नका. डाय शाई कागदात मुरते तसा रंग सरकतो. एक दिवस थांबा. स्कॅनरवरून प्रोफाइल बनवायच्या भानगडीत मात्र पडू नका. शायांचा रंग स्कॅनरला आपल्या डोळ्यासारखा दिसत नाही.

यंत्र मिळत नसेल तर जुन्या डार्करूमवाल्यांची पद्धत अजूनही चालते. १२८ च्या करड्याची चौकट मधे ठेवा आणि भोवती लाल, हिरवा, निळा यांत तीन-तीन अंकांनी कमीजास्त केलेल्या चौकटी मांडा. छापा, रात्रभर वाळू द्या, सकाळी खिडकीशी ग्रे कार्ड (छायाचित्रकारांचं तटस्थ करड्या रंगाचं कार्ड) शेजारी ठेवून सर्वांत जुळणारी चौकट निवडा. तेच ६० आणि २०० वर करा. तिन्ही बिंदूंचा फोटोशॉपमध्ये एक कर्व्ह (फिकट ते गडद रंगांची दुरुस्ती एकत्र सांगणारी रेषा) बनवून शाई आणि कागदाच्या नावाने जतन करा. स्लायडर ओढण्यापेक्षा हे वेगळं कसं? हे बिघाड दुरुस्त केल्यानंतर, एकदाच, मोजून केलेलं असतं. शाई तीच राहिली तर पुढच्या रिफिललाही चालतं.

कागद, उजेड, पावसाळा

फोटो पेपरवर फक्त जीएसएम बघून कागद घेऊ नका. आरसी म्हणजे प्लास्टिकचा थर असलेल्या कागदावर शाई वर राहते, साध्या कास्ट कोटेड कागदात ती खोल जाते, त्यामुळे गडद रंग मरतात. त्याच सेटिंगवर कागद बदलला की झाक बदलणारच. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर कागद हवेतला ओलावा पितो, शाई पसरते, गडद भागात ठिपके दिसतात. पाकीट उघडलं की उरलेला कागद झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसकट.

रंग कोणत्या उजेडात बघता तेही तपासा. स्वस्त एलईडीखाली दोन करडे सारखे दिसतात आणि बाहेर वेगळे. पावसाळ्यात दुकानासमोर निळी ताडपत्री बांधलेली असेल तर आत येणारा सगळा दिवसाचा उजेडच निळा असतो. तिथे उभं राहून पिवळा वाढवायचा निर्णय घेऊ नका, चार पावलं बाहेर जा. मॉनिटरची ब्राइटनेस कमाल ठेवली असेल तर प्रिंट कायम काळपट वाटतील. तो प्रिंटरचा दोष नाही.

काट्रिज कधी टाकायचं? पाचव्या ठशालाही पिवळा पट्टा मळका आला, किंवा टिश्यूवर एखाद्या रंगाचा पट्टा मधेच कायम तुटलेला राहिला आणि कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये तोंड दहा मिनिटं बुडवूनही भरला नाही, तर ते काट्रिज बिलं आणि बोर्डिंग पास छापायला ठेवा. फोटोसाठी नवं आणा, ते अर्धं असतानाच पहिलं रिफिल करा, आणि भरल्याची तारीख नि शाईचं नाव त्याच्या अंगावर मार्करने लिहा.